मोड आला, पण रोप येईल का?



मटकीला मोड आणायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण मोड म्हणजे नक्की काय, हे आम्हीही कधी नीट पाहिलं नव्हतं. मागच्या जूनमध्ये आमच्या गटातल्या तिघींवर सोयाबीनच्या दुबार पेरणीची वेळ आली, तेव्हा आम्ही बी फोडून बघायला बसलो.

तुम्हीही रात्री हरभरा भिजत घाला. सकाळी साल काढून दोन डाळी अलगद वेगळ्या करा. एका डाळीला इवलंसं काहीतरी चिकटलेलं दिसेल. तेच बाळरोप. त्याचं चोचीसारखं टोक म्हणजे आदिमूळ. मोड म्हणून आधी बाहेर डोकावतं ते हेच. डाळींच्या मध्ये लपलेला तो अंकुर, त्यातून खोड-पानं येतात. आणि डाळी ही बाळाची शिदोरी. शाळेच्या पुस्तकात त्यांना बीजपत्रं म्हणतात. ज्वारी-मक्यात बीजपत्र एकच, म्हणून त्यांची डाळ पडत नाही.

हरभरा आणि तूर डाळी जमिनीतच ठेवून फक्त कोंब वर पाठवतात. तो तुटला तरी खालून पुन्हा फुटू शकतो. सोयाबीनचं तसं नाही. मुळावरची दांडी आकड्यासारखी वाकते आणि दोन्ही डाळी घेऊन माती फोडते. भारा डोक्यावर घेऊन उठायचं म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको! बी ३ ते ५ सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं, किंवा पावसानंतर मातीनं पापडी धरली, की दांडी मोडते. डाळींच्या खाली मोडली तर रोप गेलंच.

आम्ही फसलो ते मात्र सालीपाशी. सोयाबीनची साल पातळ आणि आदिमूळ तिच्या लगेच खाली. मळणी यंत्र जोरात फिरलं, पोती वरून आपटली, की मूळ आतच दुखावतं. बाहेरून दाणा पिवळाधमक!

यंदा प्रत्येक पोत्यातले १०० दाणे, न निवडता, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले. गुंडाळी सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडलं. सातव्या दिवशी मोजणी. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेलेच धरायचे. नुसते फुगलेले, बुरशी आलेले नाहीत. यावरून आमच्यात थोडी वादावादीही झाली. ७० किंवा जास्त निघाले तर नेहमीसारखं एकरी ३० किलो. थोडे कमी असतील तर बियाणं वाढवायचं. एका पोत्याचे ४६च निघाले. ते पोतं पेरणीआधीच बाजारात गेलं.