विश्लेषण : गिटारवर हात का बसत नाही? रियाज कमी पडतो की पावसाळा नडतो?

मे महिन्याच्या सुट्टीत हौसेने घेतलेली गिटार, जूनमध्ये जेमतेम जमलेल्या दोन-चार कॉर्ड, जुलैमध्ये दुखणारी बोटे आणि गणपती येईपर्यंत कपाटावर गेलेले वाद्य. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या रायगडच्या किनारी गावांत असे घडले की ‘आपल्या बोटांतच नाही’ असे म्हणून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात अडचण अनेकदा दोन वेगळ्याच ठिकाणी असते. एक सरावाच्या पद्धतीत आणि दुसरी समुद्रकाठच्या दमट हवेत. दोन्हींवर उपाय आहेत आणि ते फारसे खर्चिकही नाहीत.

शिकणारे गिटार सोडतात कधी?

गिटार बनवणाऱ्या ‘फेंडर’ या अमेरिकी कंपनीने काही वर्षांपूर्वी सांगितले होते की, नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पहिल्या वर्षभरातच ती सोडून देतात. सुरुवातीचे कारण शारीरिक असते. पोलादी तारा दाबून बोटांची टोके दुखतात. नियमित वाजवल्यास दोन ते चार आठवड्यांत तिथली त्वचा टणक होते आणि दुखणे कमी होते. मधेच आठ-दहा दिवसांची सुट्टी घेतली की हा काळ लांबतो. दुसरा अडसर ‘एफ’ या बार कॉर्डचा. यात एकाच बोटाने सर्व सहा तारा एकदम दाबाव्या लागतात. अनेकांची प्रगती नेमकी इथे थांबते.

पावसाळ्यात गिटार ‘जड’ का वाटते?

अकूस्टिक गिटारचे लाकूड हवेतील ओलावा शोषते. अशा गिटारसाठी साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात ती सहज ८० टक्क्यांच्या वर असते. ओलावा शोषल्यामुळे गिटारचा वरचा पातळ फळा फुगतो, त्यावरचा ब्रिज वर उचलला जातो आणि तारा व फ्रेटबोर्ड यांमधील अंतर वाढते. या अंतराला ‘अॅक्शन’ म्हणतात. ते वाढले की तीच कॉर्ड दाबायला जास्त जोर लागतो. म्हणजे मे महिन्यात जमणारी कॉर्ड जुलैमध्ये जमेनाशी झाली, तर दोष बोटांचा असेलच असे नाही. एकसंध लाकडाच्या गिटारवर हा परिणाम जास्त दिसतो, प्लायवूडच्या गिटारवर तुलनेने कमी. खाऱ्या हवेत आणि घामाने तारा लवकर गंजतात, तो त्रास वेगळाच. गंजलेली तार बोटाला खरखरीत लागते आणि सुरातही राहत नाही.

घरच्या घरी काय तपासता येते?

बाराव्या फ्रेटपाशी पट्टी धरून सर्वात जाड तारेच्या खालची कड आणि फ्रेटचा माथा यांतील अंतर मोजावे. पोलादी तारांच्या गिटारवर ते साधारण २ ते २.५ मिलिमीटर असावे. ३ मिलिमीटरच्या वर गेले असेल तर गिटार दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावी. मानेतील ट्रस रॉड माहिती नसताना स्वतः फिरवू नये. तोपर्यंतचा सोपा उपाय म्हणजे सगळ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवणे. त्यामुळे तारांवरचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो आणि बार कॉर्ड दाबणे हलके होते. मूळ पट्टीतच वाजवायचे असेल तर उतरवलेल्या तारांवर पहिल्या फ्रेटला कॅपो लावावा.

वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुक्या सुती कापडाने वरून आणि खालून पुसावी. गिटार उघड्या खिडकीजवळ किंवा बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टांगू नये. ती केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात.

सराव किती वेळ करावा?

‘दहा हजार तास’ हा आकडा अनेकांनी ऐकलेला असतो. त्याचे मूळ मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ मधील बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरील अभ्यासात आहे. मात्र तो सर्वोत्तम गटाचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा सरासरी आकडा होता, यशाची हमी नव्हे. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यानुसार संगीतातील कौशल्यात दिसणाऱ्या फरकापैकी सुमारे २१ टक्के वाटा हेतुपूर्वक केलेल्या सरावाचा निघाला. सरावाला पर्याय नाही, पण केवळ तास मोजूनही भागत नाही.

नवशिक्यासाठी रविवारी एकदम तीन तास वाजवण्यापेक्षा रोज २० ते ३० मिनिटे वाजवणे फायद्याचे ठरते. बोटांच्या ठरावीक हालचाली शिकल्यानंतर रात्रीची झोप झाली की दुसऱ्या दिवशी वेग वाढलेला आढळतो. २००२ मधील एका प्रयोगात ही वाढ सुमारे २० टक्के होती. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. सुरुवातीच्या सरावात दहा-दहा सेकंदांच्या विश्रांतीमध्येही मेंदू शिकलेले पक्के करत असतो. त्यामुळे अवघड तुकडा सलग घोकण्याऐवजी मधे थोडे थांबत वाजवावा.

चूक झाली की पुढे जावे की थांबावे?

टेक्सासमधील संशोधकांनी २००९ मध्ये १७ पियानोवादक विद्यार्थ्यांचा सराव बारकाईने पाहिला. ज्यांनी सर्वात चांगले वाजवले, त्यांनी जास्त वेळ किंवा जास्त वेळा वाजवले होते असे नाही. फरक चुकीनंतरच्या वागण्यात होता. चूक नेमकी कुठे होते ते त्यांनी शोधले, तेवढाच भाग संथ केला आणि तो बिनचूक होईपर्यंत पुन्हा वाजवला. इतर जण चुकीवरून तसेच पुढे जात राहिले. आपल्याकडे गायक-वादक पलटे आधी विलंबित लयीत घोटतात, त्यामागेही हाच विचार आहे.

गिटारवर याचा उपयोग असा करता येतो. ‘सी’वरून ‘एफ’वर जाताना अडखळत असेल तर पूर्ण गाणे वाजवू नये. केवळ या दोन कॉर्डमधील बदल घ्यावा. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून दर चार ठोक्यांनी कॉर्ड बदलावी. सलग पाच वेळा स्वच्छ आवाज आला तरच वेग चार ठोक्यांनी वाढवावा. एका मिनिटात किती बदल स्वच्छ होतात, तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावा. रोज न जाणवणारी प्रगती महिन्याच्या शेवटी त्या आकड्यांत दिसते.

डावा हात सुधारला, ताल कसा सुधारेल?

नवशिक्याचे सगळे लक्ष डाव्या हाताकडे असते. ऐकणाऱ्याला मात्र आधी खटकते ती उजव्या हाताची चुकलेली लय. रायगडच्या किनाऱ्यावर यासाठीचा धडा कानावर पडतच असतो. अनेक कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांत चालतो. डाव्या हाताने सगळ्या तारा हलकेच दाबून आवाज बंद करावा आणि उजव्या हाताने फक्त सहा मात्रांचे स्ट्रमिंग करावे. पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर जोर द्यावा. पायाने या दोन मात्रा धरता आल्या की मगच कॉर्ड जोडाव्यात.

शिक्षक जवळ नसेल तर?

गेटवे ते मांडवा मार्गावरील प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० पासून आहे, पण समुद्र खवळला की तीही थांबते. दर आठवड्याला मुंबईत शिकायला जाणे त्यामुळे कठीण होते. ऑनलाइन व्हिडीओ हा पर्याय असला, तरी व्हिडीओ चूक दाखवत नाही. ती उणीव मोबाइल बऱ्याच अंशी भरून काढतो. आठवड्यातून एकदा एकच गाणे रेकॉर्ड करावे आणि दुसऱ्या दिवशी ऐकावे. वाजवताना न जाणवलेली घाई आणि दबलेली तार तेव्हा लगेच ऐकू येते. मनगट फार वाकते का, बोट फ्रेटच्या अगदी जवळ पडते का, हेही चित्रीकरणात दिसते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जाणकाराला प्रत्यक्ष वाजवून दाखवले, तरी चुकीच्या सवयी वेळीच सुटतात.

गिटारवर रागसंगीत वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा हे सरोदवादक अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी गिटार आडवी ठेवून तारेवरून पट्टी सरकवत मींड काढली. पं. शिवकुमार शर्मा आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह केलेल्या १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांची गिटार ऐकता येते. आधी गळ्यातून, मग बोटांतून हा गायकी अंगाचा क्रम नवशिक्यालाही उपयोगी पडतो. जी धून वाजवायची ती आधी गुणगुणावी. गळ्यात बसलेला सूर तारेवर शोधणे सोपे जाते आणि बोट चुकले तर कानाला लगेच कळते.

गिटार कपाटावर टाकण्याआधी काय करावे?

तारा नव्या घालाव्यात, अॅक्शन मोजून घ्यावी आणि पुढचे ३० दिवस रोज २० मिनिटे, एका वेळी एकच अडचण घेऊन वाजवावे. त्यातील पाच मिनिटे कॉर्ड बदलण्यासाठी, पाच ठेक्यासाठी आणि दहा आवडत्या गाण्यासाठी ठेवावीत. जुलैमध्ये सुरुवात केली तर गणपतीच्या आरतीनंतर घरच्यांसमोर एक गाणे वाजवण्याइतका हात नक्की बसू शकतो.