जुन्या इंजिनाच्या पोटातील काळा गाळ

मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मात्र कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाट आणि पद्मिनी अनेक हौशी मंडळींनी आजही जपून ठेवल्या आहेत. वर्षानुवर्षे उभी असलेली अशी गाडी पुन्हा सुरू करायची ठरली, की तिच्या १०८९ सीसी इंजिनाच्या तळाशी साचलेल्या डांबरासारख्या गाळाचे काय करायचे, हा प्रश्न पुढे येतो.

इंजिन तेल उष्णतेने आणि हवेतील प्राणवायूने हळूहळू खराब होते. त्यात काजळी, न जळलेले पेट्रोल आणि पाण्याचा अंश मिसळत जातो. पेट्रोल जळताना वाफ तयार होतेच. इंजिन पुरेसे तापले तर ती निघून जाते; पण घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या होत असतील, तर तिचे आतच पाणी होते. त्यामुळे पुण्या-नाशिकला नियमित जाणाऱ्या गाडीपेक्षा 'अगदी जपून वापरलेली' गाडी आतून अधिक मळलेली आढळू शकते.

अशा वेळी तेलात फ्लशचे रसायन ओतून इंजिन काही मिनिटे चालवण्याचा सल्ला हमखास मिळतो. मळ पातळ असेल तर ते चालूनही जाते. जाड थर असल्यास मात्र हा उपाय घातक ठरतो. रसायनाने गाळ पूर्ण विरघळत नाही, त्याचे गोळे सुटतात आणि तेलपंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. तेलाचा पुरवठा तुटला, की क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधील केसाहूनही पातळ असा तेलाचा पडदा नाहीसा होतो. सुटे भाग दुर्मीळ झालेल्या गाडीच्या बाबतीत हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

त्यापेक्षा हाताने केलेली सफाई बरी. प्रथम टॅपेट कव्हर काढून थर किती आहे ते पाहावे. तेथे दुधाळ कॉफीसारखा साका दिसला, तर तेलात पाणी मिसळत आहे. हेड गॅस्केटही तपासून घ्यावे. त्यानंतर तेल काढून चेंबर खाली उतरवावा. गाळ लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा. तारेचा ब्रश टाळावा, कारण त्याची तुटलेली एक तारही बेअरिंगला पुरेशी असते. चेंबर आणि जाळी रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुऊन पूर्ण कोरडी करावी. हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावे. तेलाच्या मार्गांत हवेचा झोत मारून मळ आत ढकलू नये.

नवे पॅकिंग, नवा फिल्टर आणि ताजे तेल घातल्यावर स्पार्क प्लग काढून स्टार्टर थोडा वेळ फिरवावा. तेलाचा दाब आल्याची खात्री पटल्यावरच इंजिन सुरू करावे. साधारण ५०० किलोमीटरनंतर तेल पुन्हा बदलावे. ते काळे निघाले तरी घाबरण्याचे कारण नाही. आजच्या तेलातील द्रव्ये उरलासुरला मळ सोडवून तरंगत ठेवतात, त्याचाच तो रंग.

काढलेले तेल गटारात ओतण्याची सवय मात्र सोडावी लागेल. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात भरून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत पोहोचवणाऱ्या गॅरेजकडेच द्यावे.