कोंबडा आरवेनासा झाला तर

फजरला आरवणारा कोंबडा एखाद्या दिवशी गप्प बसतो आणि घरात कुणीतरी म्हणतंच, "मरायच्या आत हलाल करून टाका." थांबा. आधी त्याला हातात घ्या.

तुरा बघा. फिका असेल तर पोटात जंत, नाहीतर अंगावर गोचीड. पंखांखाली पिसं फुंकरून पाहा. निळसर पडला तर श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास. खपल्या असतील तर देवी. (झुंजीच्या जखमाही तशाच दिसतात बरं का!) गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळी रिकामी हवी. टणक लागली तर दाणा अडकलाय. लंगडत असेल तर तळव्यावर काळी खपली शोधा.

हिरवी पातळ शीट, चोच उघडून श्वास, मान मुरगळलेली, ही मानमोडी, म्हणजेच राणीखेत. तिच्यावर औषध नाही. पिल्लू पाच-सात दिवसांचं असतानाच लासोटाचे थेंब द्यावे लागतात. असा कोंबडा कापू नका, रक्ता-पिसांतून रोग बाकीच्यांत जातो. वेगळा ठेवा, हात साबणाने धुवा.

एकदम बरेच पक्षी मेले तर शिवूही नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लू आला, तेव्हाही कोंबड्या अशाच पटापट मरत होत्या.