शेवटच्या खांबाचा खर्च

रोह्याकडच्या मंडळींना भिऱ्याचे वीजकेंद्र सांगायला नको. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली आणून टाटा कंपनीने ते 1927 साली चालू केले. पाणी कुंडलिकेला मिळाले, वीज मात्र तारांवरून मुंबईकडे गेली. यात कंपनीचे चुकले असे नाही. पैसे मोजणारे गिऱ्हाईक तिकडे होते. आपल्या वाड्यावस्त्यांवर खांब आले ते बहुतांशी 1960 साली वीज मंडळ निघाल्यानंतर.

2003 च्या वीज कायद्याप्रमाणे एकाच भागात दुसऱ्या कंपनीलाही वीजवाटपाचा परवाना मिळू शकतो. 2022 साली अदानी समूहाच्या कंपनीने नवी मुंबई, पनवेल, उरण या भागांसाठी तो मागितला. त्याविरुद्ध 4 जानेवारी 2023 रोजी वीज कर्मचारी संपावर गेले. सरकारशी बोलणे होऊन संप त्याच दिवशी मिटला. आता पाहा, मागितले ते पनवेल. पेणचा खारेपाट नव्हे.

समजा, डोंगरातल्या एका वाडीवर दहा घरे आहेत. त्यांच्यासाठी दोन किलोमीटर तार ओढली. घरटी महिना 30 युनिटे, म्हणजे सारी मिळून 300. शहरातल्या एखाद्या मोठ्या इमारतीत एवढी वीज दोन दिवसांत जळते, आणि तार लागते थोडकी. वाडीच्या तारेचा खर्च वाडीकडूनच घ्यायचा म्हटले तर दिवा लावणार कोण? म्हणून कारखाने, दुकाने आणि जास्त वीज जाळणारी घरे यांना दर चढा, लहान घराला उतरता. ही मोठी गिऱ्हाइके दुसरीकडे गेली, की मागे राहिलेल्यांचे दर वाढवा, सरकारी तिजोरीतून भर घाला, नाहीतर दुरुस्ती रखडू द्या. खारेपाटात तारा लवकर गंजतात. हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत रात्री वीज गेली, तर रंगकाम करणाऱ्या बाईचा रोज बुडतो.

सरकारी कारभार चोख आहे, असे मी म्हणत नाही. भिवंडीत 2007 साली वाटप खाजगी कंपनीकडे दिल्यावर गळती कमी झाली, हे खरेच. पण भिवंडी हे दाट वस्तीचे, यंत्रमागांचे गाव. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगडात हजारो खांब आडवे झाले, तेव्हा ते उभे करायला महावितरणची माणसे परजिल्ह्यांतून आली होती.

दर ठरवण्यापूर्वी राज्य वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो. लेखी हरकत कोणाही ग्राहकाला देता येते. गुरुजनांनी एखादे दिवशी मुलांना घरची बिले आणायला सांगावे आणि त्यांत ‘वहन आकार’ शोधायला लावावा. तो तारेचा पैसा.