कपबशांचा छंद

पोष्टाची तिकिटे किंवा जुनी नाणी जमविणारे विद्यार्थी आपल्या परिचयाचे असतात. जुन्या कपबशा जमविणारा मात्र आपल्याला थोडा चक्रमच वाटेल. इंग्लंडमध्ये असे हौशी लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांतले कितीतरी जण राजेरजवाड्यांची भांडी शोधीत नाहीत. १९५० ते १९७० च्या दरम्यान साध्या माणसांच्या स्वयंपाकघरात रोज वापरली गेलेली स्वस्त भांडी ते शोधतात. त्यांत एवढे काय आहे?

उत्तरासाठी दुसऱ्या महायुद्धाकडे जावे लागते. १९४२ पासून ब्रिटिश सरकारने देशात विकायच्या चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी काढण्यास बंदी घातली. मनुष्यबळ वाचवायचे आणि सजविलेला माल परदेशी विकून चलन मिळवायचे, असा हिशेब होता. युद्ध १९४५ साली संपले. बंदी उठली ती १९५२ साली. म्हणजे दहा वर्षे नवा संसार थाटणाऱ्या जोडप्याला दुकानात मिळे ती कोरी, पांढरी बशी. त्यानंतर स्टोक-ऑन-ट्रेंट भागातल्या कारखान्यांतून रंगरेषांचा जो पूर लोटला, त्याचा उत्साह ही कोरी बशी डोळ्यांपुढे ठेवल्याशिवाय कळणार नाही.

मिडविंटर कारखान्यात जेसी टेट हिने १९५६ साली ‘झांबेझी’ नावाची नक्षी केली. झेब्र्याच्या अंगावरच्यासारखे काळे पट्टे आणि जोडीला भडक तांबडा रंग. हे पट्टे कारखान्यातल्या बायका कुंचल्याने काढीत, त्यामुळे दोन बशा तंतोतंत सारख्या नसतात. कुठे हात भरभर चालला, कुठे रेघ जाड झाली, हे बोटाने दाखविता येते.

याच्या उलट ‘होममेकर’. ही नक्षी एनिड सीनी हिची, कारखाना रिजवे, काळ १९५७ च्या सुमाराचा. पांढऱ्यावर काळ्या रंगात सरळ छापलेली. चित्रे कशाची, तर तिरप्या पायांच्या खुर्च्या, सोफा, दिवा, कुंडीतले रोप! त्या दिवसांत ज्या नव्या सामानाची हौस होती, पण जे बहुतेकांना परवडत नव्हते, ते जेवणाच्या बशीवर आले. वुलवर्थच्या दुकानांतून ही भांडी अगदी स्वस्त विकली गेली. ती दुकाने २००९ साली बंद झाली. बशी मात्र आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

पण अशी भांडी टिकतात थोडी. महागडा संच कपाटात बसतो. स्वस्त बशी रोज घासली जाते, फुटते, फेकली जाते. नक्षी काढणाऱ्या बाईचे नावही मग तिच्याबरोबर जाते. नुसता बाजारभाव पाहून खरेदी करणाऱ्याला मी छांदिष्ट म्हणणार नाही, व्यापारी म्हणेन.

पारख कशी करायची? प्रथम बशी उलटी करावी. तळाशी कारखान्याचा आणि पुष्कळदा नक्षीचाही शिक्का असतो. मग आपल्याकडे मडके वाजवून घेतात तशी ती वाजवून पाहावी; बद्द आवाज आला तर तडा आहे असे समजावे. उजेडात तिरपी धरली की सुऱ्यांचे ओरखडे दिसतात. झिलईवरचे केसासारखे बारीक तडे वयाचे असतात, त्यांनी बिचकू नये. जुन्या रंगांत व झिलईत शिसे असू शकते, म्हणून अशा भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नयेत.

काचेचे काम अधिक अवघड. व्हाइटफ्रायर्स या कारखान्यात जेफ्री बॅक्स्टर याने झाडाची साल, खिळे, तारा यांचा उपयोग करून साचे बनविले आणि त्यांत काच फुंकून घेतली. १९६७ साली ही खडबडीत, गडद रंगांची फुलदाणी बाजारात आली. कारखाना १९८० साली बंद पडला. या वस्तूंवर शिक्का बहुधा नसतो. कागदी चिठ्ठी असे, ती पहिल्या धुण्यातच गेलेली. त्यातून नकलाही निघाल्या आहेत. तेव्हा रंग, वजन, उंची आणि घासून सपाट केलेला तळ यांवरूनच ओळख पटवावी लागते, आणि त्यासाठी अस्सल वस्तू पुष्कळ वेळा हाताळलेली असावी लागते.

नवशिक्याने म्हणूनच शिक्क्याच्या बशांपासून सुरुवात करावी. कोपरा उडालेली, पण शिक्का स्वच्छ असलेली बशी विक्रेता जवळजवळ फुकट देतो. ती जरूर घ्यावी. पुढची बशी तिच्याशी ताडून पाहता येते.