साखर कुठल्या डब्यात?

वेबसाइटवर हवं ते सापडलं नाही, की आपण स्वतःलाच दोष देतो. दोष बहुतेक वेळा मांडणीचा असतो, आणि ती मांडणी लावून देणं हे आज चक्क एक करिअर आहे.

मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदाच चहा करायला उभे राहिलात, की काय होतं? साखर शोधताना चार डबे उघडावे लागतात. कॉफीच्या बरणीत मोहरी, बिस्किटांच्या डब्यात तूरडाळ! तिच्या आईला मात्र डोळे मिटूनही साखर सापडते. कारण डबे तिनेच लावलेत.

बहुतेक वेबसाइट्सचं असंच होतं. त्या घरच्यांनी घरच्यांसाठी लावलेल्या असतात आणि वापरायला येतात पाहुणे.

आमच्या ग्रुपमधल्या एकीला गेल्या वर्षी फी सवलतीचा अर्ज करायचा होता. तिने कॉलेजच्या साइटवर 'विद्यार्थी' बघितलं, 'प्रवेश' बघितलं, 'स्कॉलरशिप' बघितलं. अर्ज होता 'लेखा विभाग'मध्ये, 'परिपत्रके'च्या आत. तो सापडेपर्यंत मुदत संपली होती. घरी फोन करून ती म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं." पैसे गेलेच, वर अपराधीपणाही पदरात पडला.

डोनाल्ड नॉर्मन हा अमेरिकन संशोधक १९८८पासून नेमकं हेच सांगत आलाय. वस्तू वापरताना माणसं पुन्हापुन्हा चुकत असतील, तर आधी वस्तूचं डिझाइन तपासा. माहिती कुठल्या कप्प्यात ठेवायची, त्या कप्प्याला नाव काय द्यायचं आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं कसं, हे ठरवण्याला 'इन्फर्मेशन आर्किटेक्चर' म्हणतात. शब्द नवा वाटला, तरी विचार आपल्याकडे जुना आहे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम होता, वाचकाचा वेळ वाचवा. अ‍ॅप बनवणाऱ्यांनी हा नियम भिंतीवर लावायला हरकत नाही.

पण पाहुणा साखर कुठे शोधेल, हे कळणार कसं? त्यालाच विचारून! त्यासाठी असतो 'युजर रिसर्च'. इथे "आमचं अ‍ॅप आवडलं का?" हा प्रश्न बाद. समोरचा भिडेखातर "छान आहे" म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारायचं, "मागच्या वेळी फी भरलीस, तेव्हा आधी काय केलंस? कुठे अडलास?" आणि मग गप्प बसून ऐकायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड.

दुसरी पद्धत 'कार्ड सॉर्टिंग'. साइटवरचा एकेक विषय एकेका चिठ्ठीवर लिहायचा. समोरच्याला त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करू द्यायचे आणि गठ्ठ्यांना नावंही त्यालाच देऊ द्यायची. याच्या उलटी 'ट्री टेस्टिंग'. यात रंग, फोटो, बटणं काही नाही, नुसता मेन्यू दाखवायचा आणि म्हणायचं, "हॉलतिकीट शोध." तो कुठे वळतो, कुठून परत फिरतो, हे टिपून ठेवायचं.

किती जणांना गाठायचं? वापरताना कोण कुठे अडखळतं ते बघायला पाच जण पुरेत, असं जेकब नील्सनने २०००मध्ये लिहिलं. पाच जणांवर चाचणी घ्या, दुरुस्ती करा, पुन्हा पाच जण बोलवा. कार्ड सॉर्टिंगसाठी मात्र तोच पंधरा जण घ्यायला सांगतो, कारण प्रत्येकाच्या डोक्यातले कप्पे वेगळे असतात.

या कामासाठी कोडिंग यायलाच हवं असं नाही. मानसशास्त्र, समाजशास्त्र, भाषा, ग्रंथालयशास्त्र शिकलेली मुलंही इकडे वळतात. रीतसर डिझाइन शिकायचं असेल, तर अहमदाबादची एनआयडी आहे, आयआयटी मुंबईत १९६९पासून चालणारं आयडीसी आहे. पण सुरुवात करायला चिठ्ठ्या आणि पेन पुरे.

आम्हीही तशीच केली. कॉलेजच्या साइटवरचे तीस विषय चिठ्ठ्यांवर लिहिले आणि कॅन्टीनच्या टेबलावर मांडले. येईल त्याला बसवलं. 'फी सवलत' ही चिठ्ठी कुणी 'फी'त टाकली, कुणी 'स्कॉलरशिप'मध्ये, एकाने तर 'पैशांची मदत' असा नवा गठ्ठाच केला. 'लेखा विभाग' कुणाच्याही डोक्यात आला नाही.

गठ्ठ्यांचे फोटो आम्ही ऑफिसात नेऊन दिले. "बघू" असं उत्तर मिळालं. मेन्यू अजून तसाच आहे. पण ते गठ्ठे बघताना आमची मैत्रीण म्हणाली, "म्हणजे मी योग्य ठिकाणीच शोधत होते!"

तुमच्या कॉलेजची साइट उघडा. तुमच्याकडची साखर कुठल्या डब्यात आहे?