सनस्क्रीनच्या आधी सावली

ऑस्ट्रेलियातल्या ‘चॉइस’ या ग्राहक संस्थेने जून २०२५मध्ये वीस सनस्क्रीन तपासली आणि त्यांतली सोळा बाटलीवरच्या आकड्याला उतरली नाहीत, हे एव्हाना सगळ्यांच्या वाचनात आलं आहे. एसपीएफ ५०हून जास्त असल्याचा दावा करणारं एक क्रीम तर ४ वर आलं आणि ऑगस्टमध्ये ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. तिथे शाळांचं नवं वर्ष जानेवारीअखेर, ऐन उन्हाळ्यात सुरू होतं. त्यामुळे गोऱ्या, चटकन भाजणाऱ्या कातडीच्या मुलांचे पालक धास्तावले तर नवल नाही. पण सगळी चर्चा कुठला ब्रँड चांगला यावरच अडकली आहे, आणि मला तेच खटकतं.

कारण बाटलीत खरोखरचं ५० असलं, तरी मुलाच्या अंगावर ते ५० राहत नाही. प्रयोगशाळेत एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटर त्वचेवर २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. क्वीन्सलँडच्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या ५ ते १२ वर्षांच्या मुलांना सकाळी शाळेत जाण्याआधी आपल्या हाताने सनस्क्रीन लावायला दिलं आणि अंगावर किती बसतं ते मोजलं. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात थर भरला साधारण ०.४८ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम पाव हिस्सा. पंपाच्या बाटलीने तो ०.७५पर्यंत गेला. अंगावर फिरवायच्या रोल-ऑनने मात्र ०.२२! नाकावर ठिपका, गालांवर दोन बोटं, कान आणि मानेची मागची बाजू कोरडीच. शाळेच्या घाईत सहा वर्षांच्या मुलाकडून याहून जास्त अपेक्षा धरणंच चूक आहे. शिवाय दर दोन तासांनी ते पुन्हा लावायचं असतं, आणि तेव्हा आई-बाबा जवळ नसतात.

त्यात वेळापत्रकाची भर. मेलबर्नला उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वा ते दीडच्या सुमारास. नेमकी तेव्हाच बऱ्याच शाळांची जेवणाची सुट्टी असते. तिथल्या उन्हाळ्यात अतिनील निर्देशांक ११च्या वर जाणं नेहमीचं. अशा उन्हात अगदी गोरी कातडी पंधरा मिनिटांतही भाजू शकते. अतिनील किरण अंगाला जाणवत नाहीत. गार वारा सुटलेला असो की पातळ ढग असोत, त्यांचं काम चालूच असतं. लाली दिसायलाही काही तास जातात. म्हणून मैदानावर बाईंना काहीच दिसत नाही. संध्याकाळी घरी शर्ट काढताना कॉलर मानेला घासते, मूल कळवळतं, तेव्हा कुठे कळतं.

नुसत्या क्रीमवर भागत नाही, हे ऑस्ट्रेलियाने फार आधी ओळखलं होतं. १९८१च्या तिथल्या प्रसिद्ध मोहिमेत सदरा, क्रीम आणि टोपी असा क्रम होता. क्रीम एकटं कधीच नव्हतं. १९८८मध्ये व्हिक्टोरिया राज्यात ‘सनस्मार्ट’ कार्यक्रम सुरू झाला. निर्देशांक ३ किंवा त्यापुढे गेला की अंग झाकायचं, हा त्याचा नियम. मेलबर्नमध्ये याचा अर्थ ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. प्राथमिक शाळांत टोपी नसेल तर मैदानावर खेळायला मिळत नाही, त्या मुलाने छपराखाली बसायचं. टोपीही रुंद काठाची किंवा मागे मानेवर झालर सोडलेली हवी. क्रिकेटची कॅप चालत नाही, कारण तिच्यात कान आणि मान उघडी पडतात. तिकडच्या मराठी घरांतली सावळी मुलंही हाच नियम पाळतात. मेलॅनिनमुळे त्यांना भाजण्याचा धोका बराच कमी असतो, हे खरं. तरी नियम सगळ्या वर्गाला एकच असल्यामुळे एकटंच गोरं पोर वेगळं पडत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

माझा खरा ओढा मात्र सावलीकडे आहे. मोठी मुलं टोपीला दाद देत नाहीत, मग त्यांचं काय करायचं? सुझान डॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलबर्नच्या ५१ माध्यमिक शाळा घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून त्यांतल्या २५ शाळांच्या आवारात, जिथे भर ऊन पडायचं तिथे, ताणलेल्या कापडाची छतं उभारली. बाकीच्या शाळांत काही बदललं नाही. मग जेवणाच्या सुट्टीत कुठे किती मुलं बसतात, ते मोजत राहिले. मुलं सावली टाळतील अशी शंका होती. तसं झालं नाही. छताखाली मुलं वाढली. २००९मध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. ना कुणाला आठवण करावी लागली, ना कुणी कुणाच्या अंगाला क्रीम लावलं. एकदा खर्च केला की पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक वर्गाला फायदा. शाळेने पैसे घालावेत तर इथे.

याचा अर्थ सनस्क्रीन फेकून द्या असा नाही. अ‍ॅडेल ग्रीन यांनी क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर इथे १९९२पासून सोळाशेहून अधिक प्रौढांवर केलेल्या चाचणीत, रोज क्रीम लावणाऱ्यांमध्ये त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचं प्रमाण लक्षणीय घटलं आणि पुढे मेलानोमा हा त्वचेचाच दुसरा कर्करोगही निम्म्यावर आला. पण ती मोठी माणसं होती, नेमाने लावणारी.

आपल्याकडे हा प्रश्न कुणाला भेडसावतो, तर अल्बिनिझम असलेल्या मुलांना. त्यांच्या त्वचेत रंगद्रव्य जवळपास नसतं, डोळ्यांना उजेड सहन होत नाही, आणि प्रार्थना, कवायत, पंधरा ऑगस्टची तालीम सगळं उघड्या मैदानावर. टोपी गणवेशात बसत नाही म्हणून अशा मुलाला ती काढायला लावणं हा निव्वळ अन्याय आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट, काठाची टोपी, गडद चष्मा आणि सावलीतली जागा यांसाठी त्याच्या पालकांना दर वर्षी नव्या मुख्याध्यापकांपुढे अर्ज घेऊन उभं राहायला लागू नये. शिक्षण खात्याने एका परिपत्रकात हे लिहून टाकावं. त्याला पैसाही लागत नाही.